आधी मायनस: गाडीची बॅटरी सुरक्षितपणे सोडवणे आणि पुन्हा जोडणे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातील गावांत घराच्या बाजूला, पत्र्याच्या शेडखाली कापड घालून ठेवलेली चारचाकी हमखास दिसते. मुलगा सैन्यात असतो, पुण्या-मुंबईला नोकरीला असतो किंवा गोव्याला कामाला असतो. गाडी गणपतीला आणि दिवाळीला बाहेर निघते आणि उरलेले महिने उभी राहते. मुलगा सुट्टीवर येतो, सेल्फ मारतो, आणि गाडीतून नुसता ‘कट’ असा आवाज येतो. मग शेजारच्या चार पोरांना हाका मारून धक्का द्यावा लागतो. पुढच्या वेळी असे होऊ नये म्हणून तो जाताना किंवा फोनवरून सांगतो, “बाबा, बॅटरीची एक वायर काढून ठेवा.” सूचना अगदी योग्य आहे. मात्र कोणती वायर, कोणत्या क्रमाने, कशी, आणि परत जोडताना काय पाहायचे, हे त्या एका वाक्यात येत नाही. तो क्रम उलटा झाला तर काय होते हे मी स्वतः पाहिले आहे, म्हणून हा विषय सविस्तर लिहीत आहे.

प्रथम बॅटरी उभ्या गाडीत का उतरते ते पाहू. चावी काढली, दारे लावली, तरी आजच्या गाडीतील वीज पूर्ण थांबत नाही. सेंट्रल लॉकचा रिसिव्हर रिमोटची वाट पाहत जागा असतो, घड्याळ चालू असते, इंजिनच्या संगणकाला आपली नोंद जपायची असते. हे सगळे मिळून साधारणतः २० ते ५० मिलिअँपिअर इतका अल्प प्रवाह सतत घेत असतात. ५० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास (बॅटरीत किती वीज मावते ते मोजण्याचे हे एकक) आणि तीन आठवड्यांत सुमारे २५ अँपिअर-तास खर्च होतात. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी पुष्कळदा ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे तीन आठवड्यांत तिची दोन-तृतीयांशांहून अधिक शक्ती सेल्फ न मारताच संपते. त्याहून वाईट हे की अशी उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर आतील शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि नंतर कितीही चार्ज केले तरी ती पूर्वीसारखी भरत नाही. महिनाभराहून अधिक काळ गाडी उभी राहणार असेल तर वायर सोडवून ठेवणे म्हणूनच फायद्याचे असते. बॅटरी बदलताना, वेल्डिंगचे काम निघाल्यास, किंवा सेल्फ आणि अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) उघडण्यापूर्वीही हेच करावे लागते.

आता मुख्य मुद्दा. घरातील दिव्याला दोन वायरी लागतात, एक जाणारी आणि एक येणारी. गाडीतल्या हेडलाइटला, हॉर्नला, पंख्याला मात्र बहुतेक ठिकाणी एकच वायर बॅटरीच्या प्लसकडून आलेली असते. परतीची वाट कोठे आहे? ती वाट म्हणजे गाडीची लोखंडी बॉडी. बॅटरीच्या मायनस टोकापासून निघालेली जाड काळी वायर जवळच बॉडीला आणि इंजिनला बोल्टने आवळलेली असते, आणि तेथून पुढे सगळा पत्रा, सगळी चेसिस आणि इंजिनचा सगळा ठोकळा बॅटरीच्या मायनसशी जोडला जातो. बॉनेट उघडून आपण समोर उभे राहतो तेव्हा आपल्या भोवतीचा प्रत्येक उघडा लोखंडी भाग ही एक अवाढव्य मायनस वायर असते. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की पुढचा क्रम पाठ करावा लागत नाही.

समजा आपण आधी प्लसची नटबोल्ट ढिली करायला गेलो. पान्याचे एक टोक प्लसवर आहे, दुसरे टोक हातात आहे, आणि पाना फिरवताना ते टोक बाजूच्या पत्र्याला, बॉनेटच्या टेकूला किंवा बॅटरी धरून ठेवणाऱ्या पट्टीला लागले. त्या क्षणी प्लस आणि मायनस एका पोलादी पान्याने थेट जोडले गेले. आता उलट बाजूने विचार करावा. आपण मायनसचा नट सोडवत आहोत आणि पाना पत्र्याला लागला, तर मायनसला मायनस लागला. काहीही घडत नाही. एकदा मायनस निघून बाजूला गेला की बॉडीचा बॅटरीशी संबंधच तुटतो, आणि मग प्लस सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी प्रवाहाला परतीची वाट उरत नाही. म्हणून काढताना आधी मायनस, मग प्लस. जोडताना याच कारणाने आधी प्लस आणि शेवटी मायनस.

“पण बॅटरी तर १२ व्होल्टची, तिचा शॉकसुद्धा लागत नाही,” असे पुष्कळ जण म्हणतात. शॉक लागत नाही हे खरे आहे, कारण कोरड्या त्वचेतून १२ व्होल्टचा दाब जाणवण्याइतका प्रवाह ढकलू शकत नाही. धोका शॉकचा नसून उष्णतेचा आहे. हिडकल धरणाच्या कालव्याला उतार बेताचाच असतो, तरी त्यातून वाहणारे पाणी शेकडो एकर भिजवते. बॅटरीचेही तसेच आहे, दाब थोडा पण पाट रुंद. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत अवरोध, म्हणजे प्रवाहाला आतून होणारा अडथळा, एक शतांश ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. १२ भागिले एक शतांश, म्हणजे १२०० अँपिअर. उसाच्या शेतातला ५ एचपीचा थ्री-फेज पंप एका फेजला सात-आठ अँपिअर घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे तो आकडा किती मोठा आहे ते कळते. एवढा प्रवाह पान्यातून गेला तर पाना एक-दोन सेकंदांत हात लावू नये इतका तापतो आणि जिथे टेकला तिथे धातू वितळतो.

मी गॅरेजमध्ये काम शिकत होतो तेव्हाची गोष्ट. संध्याकाळची वेळ होती, गिऱ्हाईक घाई करत होते, आणि मी मायनस न काढता सरळ प्लसच्या नटाला पाना लावला. दुसऱ्या फिरवणीला पान्याची शेपटी बाजूच्या पत्र्यावर टेकली. फट्ट असा आवाज झाला, निळसर-पांढरा उजेड डोळ्यांवर आला, आणि पाना दोन्हीकडे चिकटून बसला. आमच्या मिस्त्रींनी हातातल्या लाकडी दांड्याने फटका मारून तो पाडला नसता तर बॅटरी माझ्या तोंडासमोर फुटली असती असे ते नंतर म्हणाले. तो पाना मी आजही जपून ठेवला आहे. त्याच्या शेपटीच्या टोकाला तुरीच्या डाळीएवढा खळगा आहे, आतून गुळगुळीत, कडांना वितळून थिजलेल्या लोखंडाचे बारीक मणी. मिस्त्री कन्नड बोलणारे होते. त्यांनी त्या दिवशी रागावण्याऐवजी माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतले, “मोदलु मायनस, आमेले प्लस.” आधी मायनस, नंतर प्लस. आपल्या भागात गॅरेजात मराठी, कन्नड आणि उर्दू एकमेकांत मिसळून चालतात, पण प्लस आणि मायनस हे शब्द तिन्ही भाषांत तेच आहेत, आणि चार शब्दांचे ते वाक्य मला आजवर कामाला आले आहे.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. शिसे आणि सल्फ्युरिक आम्लाची बॅटरी चार्ज होताना, विशेषतः ती भरत आल्यावर, आतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण अवघे ४ टक्के झाले तरी ते मिश्रण ठिणगीने पेटू शकते, आणि ७५ टक्क्यांपर्यंत ते पेटण्याजोगे राहते. बॅटरी फुटते ती बहुधा याच वायूमुळे, आणि फुटताना प्लॅस्टिकच्या तुकड्यांबरोबर आम्ल उडते. म्हणून लांबचा प्रवास करून आल्याबरोबर किंवा चार्जर लावून नुकताच काढल्याबरोबर बॅटरीशी खटपट करू नये. बॉनेट उघडून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, म्हणजे वायू विरून जातो. तो हवेपेक्षा पुष्कळ हलका असल्याने उघड्या जागेत लवकर वर निघून जातो. बंद शेडमध्ये मात्र वाट पाहावी आणि शेडचे दार उघडे ठेवावे. जवळपास विडी-सिगारेट नको, काडी ओढून पाण्याची पातळी बघणे तर मुळीच नको. हे शेवटचे मी मुद्दाम लिहितो, कारण अंधारात बॅटरीचे झाकण उघडून लायटर पेटवणारी माणसे मी पाहिली आहेत.

हात घालण्यापूर्वीची तयारी थोडीच आहे, पण ती टाळू नये. हातातली अंगठी, धातूचा पट्टा असलेले घड्याळ, कडे, बांगड्या आणि गळ्यातली लोंबणारी साखळी काढून ठेवावी. सोने हे उत्तम वीजवाहक आहे आणि अंगठीवरून शॉर्ट झाले तर ती बोटातून निघण्यापूर्वी लाल होते. डोळ्यांवर साधा चष्मा असला तरी चालेल, पण काहीतरी असावे. रबरी हातमोजे मिळाले तर उत्तम. बाजूला बादलीभर स्वच्छ पाणी ठेवावे. आम्ल त्वचेवर उडाले तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे आणि किमान पंधरा मिनिटे धूत राहावे. डोळ्यात गेले तर पापणी उघडी धरून तितकाच वेळ पाणी सोडत राहावे, चोळू नये, आणि तेथून थेट डॉक्टरांकडे जावे. कपड्यावर पडलेला थेंब त्या दिवशी दिसतही नाही. पुढच्या धुण्यात सदऱ्याला नाचणीएवढी भोके पडलेली दिसतात तेव्हा घरच्यांना कळते की हा बॅटरीपाशी गेला होता.

गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद करावे, दिवे, पंखा, टेप सगळे बंद करून चावी बाहेर काढावी. चावी खिशात ठेवावी, गाडीत नव्हे. बॅटरीची जोडणी तुटल्यावर किंवा परत जुळताना काही गाड्यांचे सेंट्रल लॉक आपोआप बसते, आणि चावी आत राहिली तर मोठी पंचाईत होते. त्याच कारणाने चालकाच्या बाजूची काच खाली करून ठेवावी. ज्या गाड्यांची बॅटरी डिकीत असते आणि डिकी बटणाने उघडते त्यांची डिकी तर बंद करूच नये, कारण वीज तुटल्यावर ती आतून उघडण्याचा मार्ग राहत नाही. टेपला सांकेतिक क्रमांक लागतो का, हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत आधी पाहावे. चावी काढल्यानंतरही संगणक काही वेळ आपले काम आवरत असतो, आणि एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी वीज साठून राहिलेली असते, त्यामुळे लगेच वायर ओढू नये. काही मिनिटे जाऊ द्यावीत. ज्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे, कडक निकष) डिझेल गाड्यांत युरियाच्या द्रवाची वेगळी टाकी असते, तिथे इंजिन बंद झाल्यावर पंप तो द्रव मागे ओढून घेतो, म्हणून तिथे थोडे अधिक थांबावे.

मग प्लस आणि मायनस ओळखावेत. केवळ वायरीच्या रंगावर विसंबू नये, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. गावाकडे वायर एकदा जळाली किंवा उंदराने कुरतडली की हाताशी असेल त्या रंगाची दुसरी बसवली जाते, आणि काळी वायर प्लसवर असलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. बॅटरीच्या खोक्यावरच अधिक आणि उणे अशी चिन्हे उठवलेली असतात, त्यांवर साचलेली धूळ फडक्याने पुसून ती वाचावीत. बॅटरीवर उठलेल्या शिशाच्या दोन खांबांपैकी प्लसचा खांब मायनसच्या खांबापेक्षा थोडा जाड असतो, ही दुसरी खूण. मायनसची वायर थोड्याच अंतरावर बॉडीला आवळलेली दिसते, ही तिसरी. १९६० च्या दशकापूर्वीच्या काही ब्रिटिश गाड्यांत मात्र बॉडीला प्लस जोडलेला असे. कोणी अशी जुनी गाडी हौसेने सांभाळत असेल तर त्यांनी नियम असा वाचावा की बॉडीला जोडलेली वायर आधी काढायची. कारण तेच आहे, नाव तेवढे बदलते.

बहुतेक गाड्यांच्या टर्मिनलला, म्हणजे वायरीच्या टोकाला असलेल्या आणि खांबावर आवळलेल्या पकडीला, १० नंबरचा पाना लागतो. पाना लहान असावा आणि त्याच्या शेपटीवर इन्सुलेशन टेपचे दोन-तीन वेढे द्यावेत. मायनसचा नट अर्धा-पाऊण फेरा ढिला करावा, पूर्ण काढण्याची गरज नसते. मग टर्मिनल हाताने डावी-उजवीकडे हलकेच फिरवत वर उचलावे. ते घट्ट बसले असेल तर हातोडी मारू नये आणि स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटू नये. खांब शिशाचा असतो, शिसे मऊ, आणि अशा जोराने खांबाच्या तळाशी असलेली सील फुटून तिथून आम्ल झिरपू लागते. दीर्घकाळ न काढलेल्या टर्मिनलवर कोमट पाणी ओतून थोडे थांबले की ते बहुधा सुटते. निघालेली वायर जुन्या कापडात किंवा सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून बाजूला अशी बांधावी की ती आपोआप परत खांबाला टेकणार नाही. जाड वायरींना आपला मूळ वळसा आठवतो. नुसती बाजूला सारली तर ती सावकाश परत येते.

गाडी नुसती उभी ठेवायची असेल तर काम येथेच संपते. प्लस काढण्याची गरज नाही. बॅटरी बाहेर घ्यायची असेल तरच प्लसचे टर्मिनल सोडवावे, मग बॅटरी धरून ठेवणारी पट्टी काढावी, आणि बॅटरी उभीच ठेवून उचलावी. लहान बॅटरी दहा किलोच्या आसपास असते, मोठ्या डिझेल गाडीची आणि ट्रॅक्टरची पंधरा-वीस किलो किंवा त्याहून अधिकही भरते. वाकून एका हाताने ती ओढणे कंबरेला आणि बॅटरीला दोघांनाही बरे नाही.

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, किंवा चोर्ला घाटातून रोज ये-जा करणाऱ्यांच्या गाड्यांत एक गोष्ट अधिक दिसते. पावसाळ्याच्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरी किंवा निळसर-हिरवी बुरशीसारखी भुकटी धरते. ती बुरशी नसून खांबापाशी झिरपणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे आणि तांबे यांच्यावर धरलेला गंज असतो, आणि तो वीज नीट वाहू देत नाही. याचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. समजा गंजामुळे टर्मिनलपाशी अवघा ०.०२ ओहम अवरोध निर्माण झाला. दोन्ही हेडलाइट मिळून दहा अँपिअर घेतात, तेव्हा तिथे फक्त ०.२ व्होल्ट गळतात आणि दिवे झकास पेटतात. सेल्फ मात्र लहान गाडीतही दीडशे-दोनशे अँपिअर मागतो. २०० गुणिले ०.०२ म्हणजे ४ व्होल्ट तिथेच संपतात, सेल्फला जेमतेम ८ उरतात, आणि ‘कट’ आवाज येऊन सगळे थांबते. दिवे लागतात पण सेल्फ घेत नाही, अशी तक्रार घेऊन माणसे येतात आणि चांगली चाललेली बॅटरी देऊन नवी घेऊन जातात. चार-पाच हजार रुपयांचा हा खर्च पुष्कळदा चमचाभर सोड्याने वाचला असता, याचे मला नेहमी वाईट वाटते.

सफाई अशी करावी. वाटीभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून ते पाणी जुन्या टूथब्रशने टर्मिनलवर लावावे. फेस येतो, तो आम्ल मारले जात असल्याचा. फेस थांबेपर्यंत घासावे, मग साध्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावे. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत मात्र जाता कामा नये, कारण आतले आम्लच बॅटरीचा जीव आहे. बारीक सॅंडपेपर खांबावर आणि टर्मिनलच्या आतून एक-दोनदा फिरवला की शिशाची करडी चकाकी दिसते. ती भुकटी कोरडी असताना फुंकर मारून उडवू नये. शिसे शरीरात जाणे वाईट, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाचा कप हातात घेऊ नये.

परत जोडताना आधी बॅटरी तिच्या जागी बसवून पट्टी आवळावी. आपल्याकडच्या रस्त्यांवर ही पट्टी ढिली राहिली तर बॅटरी हादरून आतील प्लेटा सुटतात, त्यामुळे तिला कमी लेखू नये. मग खांब पुन्हा एकदा वाचून प्लसचे टर्मिनल पूर्ण खाली बसवून आवळावे आणि त्यावरची लाल टोपी लावावी. शेवटी मायनस. मायनस टेकवताना एखादी बारीक ठिणगी दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. गाडीतील इलेक्ट्रॉनिक भागांतील रिकामे कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे सुटे भाग) भरून घेतात, त्याची ती असते. पण ठिणगी मोठी असेल, चरचर आवाज असेल किंवा वायर तापत असेल तर तात्काळ मायनस बाजूला घ्यावा. अशा वेळी काहीतरी चालू राहिले आहे, कोठेतरी शॉर्ट आहे, किंवा प्लस-मायनसची अदलाबदल झाली आहे. अदलाबदल ही सर्वांत महाग चूक असते. मुख्य फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड आणि संगणक जळतात. टर्मिनल हाताने फिरवून फिरत नाही इतपतच आवळावे, त्याहून जोर नको. दोन्ही जुळल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. जोडण्यापूर्वी खांब आणि टर्मिनल यांच्यामध्ये तो लावण्याची गरज नाही.

जोडल्यावर गाडी थोडी अनोळखी वागते. घड्याळ शून्यावर येते, काच एका बटणाने पूर्ण वर जात नाही, इंजिन पहिली काही मिनिटे कमी-जास्त वेगाने फिरते, स्टिअरिंगचा पिवळा दिवा पेटलेला राहतो. हा बिघाड नसून संगणकाने शिकलेल्या गोष्टी विसरल्याचा परिणाम असतो. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच दाबून ठेवावे, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे, इंजिन थोडा वेळ तसेच चालू ठेवावे आणि मग पाच-दहा किलोमीटर गाडी साध्या वेगाने चालवावी; बहुतेक दिवे विझतात. एअरबॅगचा दिवा मात्र विझला नाही तर त्यात स्वतः हात न घालता सर्व्हिस सेंटरला दाखवावे.

एका सवयीविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. अल्टरनेटर चार्ज करतो की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढायचे आणि इंजिन चालू राहिले तर अल्टरनेटर ठीक, अशी चाचणी जुने मिस्त्री करत. जुन्या, संगणक नसलेल्या डिझेल गाड्यांत आणि ट्रॅक्टरमध्ये ती बहुतेक वेळा निभावून गेली. आजच्या गाडीत ती कधीही करू नये आणि कोणाला करू देऊ नये. बॅटरी ही सगळ्या यंत्रणेचा उशीसारखा आधार असते. चार्जिंग चालू असताना ती अचानक काढली की अल्टरनेटरचा दाब क्षणभर उसळतो आणि रोधक व्यवस्था नसेल तर ८०-१०० व्होल्टांपर्यंत जाऊ शकतो. १२ व्होल्टसाठी बनवलेल्या संगणकाला तो एक क्षण पुरतो. तीच चाचणी मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्ट मोजण्याच्या छोट्या मीटरने, अर्ध्या मिनिटात होते. इंजिन बंद करून काही तास उभ्या असलेल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर हाच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान चढला तर अल्टरनेटर काम करतो आहे.

काही गाड्यांपाशी मात्र थांबावे. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत मायनसच्या टर्मिनलवरच एक छोटा चौकोनी सेन्सर असतो, तो ओढाताणीत मोडतो, आणि बॅटरीही वेगळ्या प्रकारची लागते. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांतील नारिंगी रंगाच्या जाड वायरींना हात लावूच नये. तिथे शेकडो व्होल्ट असतात आणि वर शॉकविषयी जे लिहिले ते त्यांना लागू नाही. ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, तिथे बॉडीला जोडलेला मायनस कोणत्या बॅटरीचा आहे ते शोधून तो आधी काढावा.

वायर सोडवून ठेवलेली बॅटरीही स्वतःहून हळूहळू उतरते, उन्हाळ्यात अधिक. म्हणून गावी असलेल्या आई-वडिलांनी महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावून पाहावे आणि आकडा १२.४ च्या खाली गेला की चार्जर लावावा. चार्जरच्या चिमट्या आधी बॅटरीला लावाव्यात आणि नंतर भिंतीवरचे बटण दाबावे. काढताना आधी बटण बंद, मग चिमट्या. ठिणगी पडलीच तर ती वायूजवळ नव्हे तर भिंतीपाशी पडावी, एवढाच त्यामागचा हेतू आहे. ज्या बॅटरीला झाकणे आहेत तिच्यात प्लेटा बुडतील इतके डिस्टिल्ड वॉटर घालावे, विहिरीचे किंवा नळाचे नव्हे, आणि आम्ल तर कधीच नाही, कारण उडून जाते ते पाणी, आम्ल आतच राहते.

बॅटरी खरोखर संपली असेल तर ती भंगारवाल्याला फोडायला देऊ नये. गावाबाहेर बॅटऱ्या फोडून आम्ल ओढ्यात सोडणे आणि शिसे चुलीवर वितळवणे यातून मुलांच्या रक्तात शिसे जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत गोळा करून तिच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वळते करून देतो. ती दुकानात नेताना डिकीत उभी ठेवावी, दोन्ही खांबांवर टेपचा एक-एक तुकडा लावावा, आणि शेजारी जॅक किंवा पाने सुटे ठेवू नयेत.